धार लावूनही कुट्टी मशीन सारखी तटते? पात्यांआधी तोंडाची पट्टी बघा

ऊसतोड सुरू झाली की कोल्हापूर जिल्ह्यात भोगावतीच्या काठानं, करवीर-राधानगरीच्या गावांतून एकच तक्रार ऐकू येते: परवाच पाती लावून आणली आणि आज परत वैरण तटली. वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंढी निम्मी आत जाते, मोटरीचा आवाज घोगरा होतो, पट्ट्याचा करपट वास सुटतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. लिव्हर मागं ओढायची, रोलरला वेटोळं घातलेला पाला विळ्यानं सोडवायचा, परत बटण दाबायचं. चार पेंढ्या झाल्या की पुन्हा तेच. दूध काढायची वेळ झालेली असते, म्हशी दाव्याला ओढ देत असतात. आणि तटलेली वैरण ओढायला जो हात आत जातो, तो बहुतेक घरांत बाईचा असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

मी या वैरण कापायच्या कुट्टी मशीनची दुरुस्ती करतो. इथं जे सांगतोय ते आपल्याकडच्या नेहमीच्या मशीनबद्दल आहे: २ किंवा ३ एचपीची मोटर, मोठ्या चाकावर दोन किंवा तीन पाती, समोर दात्यांचे दोन रोलर आणि पुढं-मागं करायची लिव्हर.

धार लावणं हा निम्माच इलाज आहे. वैरण कापायला दोन कडा लागतात. एक फिरती, म्हणजे पातं. दुसरी स्थिर, म्हणजे रोलरच्या लगेच पुढं बसवलेली लोखंडी पट्टी, जिच्यावर टेकून वैरण कापली जाते. कुणी तिला तोंडाची पट्टी म्हणतात, कुणी शिअर प्लेट. पाती दर पंधरा-वीस दिवसांनी खोलून धारेला जातात, आणि पट्टी मशीन घेतल्यापासून तिथंच असते. तिची कड गोल झालेली असते, पात्यात आणि तिच्यात फट पडलेली असते. मग पातं कितीही धारदार असू दे, वैरण कापली जाण्याऐवजी त्या फटीत वाकून घुसते. खिळा सैल झालेल्या कात्रीत कापड जसं दुमडतं, अगदी तसंच. दुमडलेला पाला पात्याच्या आणि पट्टीच्या मधे भरत जातो, चाकाला ब्रेक लागतो आणि मशीन तटते.

आधी कुट्टी बघा

मशीनला पाना लावण्याआधी मूठभर कुट्टी रिकाम्या पोत्यावर पसरा. दोष कुठं आहे ते ती बऱ्यापैकी सांगते.

तुकड्यांच्या टोकांना दशा सुटल्या असतील, पाला नुसताच मुडपलेला असेल, दोन-तीन तुकडे एकमेकांना धरून लोंबत असतील, तर फट वाढली आहे किंवा पट्टीची कड गेली आहे. तुकडे स्वच्छ कापलेत पण त्यांत काही बरोबर दुप्पट लांबीचे आहेत, तर दोनपैकी एक पातं कापतच नाही, ते पट्टीपासून लांब फिरतंय. लांबीचा काही ताळमेळच नाही, एखादा तुकडा वीतभर निघतो, तर रोलर वैरण घट्ट धरत नाहीत, ती सरकतेय. आणि कुट्टी एकसारखी, टोकं साफ, तरी चाक थांबतंय, तर कापण्याचा दोष नाही. पट्टा, मोटर आणि वीज यांच्याकडं वळा.

एका गोठ्यात मामी सांगत होत्या, "दादा, पाती नवीच आणून घातली, तरी बी तटतंयच की वो." कुट्टी बघितली तर सगळी दशाळ. मशीन बंद करून, पट्टा उतरवून त्यांना म्हटलं, "मामी, ह्या पट्टीवर जरा नख घासून बघा." चांगल्या कडेवर नख घासलं की नखाचा बारीक पांढरा कीस निघतो. इथं नख अडलंच नाही, कडेवरून घसरून सरळ खाली आलं. त्या कडेला मधोमध करंगळी बसेल एवढी खोलगट झीज होती, कारण पेंढी नेहमी मधेच ढकलली जाते. पट्टी उलटून लावली, पाती पुन्हा जुळवली आणि तीच पाती वाढं सरसर कापायला लागली.

फट कशी जुळवायची

आधी मेन स्विच बंद, प्लग असेल तर काढून खिशात. पट्टा पुलीवरून उतरवा. बटण बंद केल्यावरही ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं, त्यामुळं ते पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. मग चाकाच्या आऱ्यात लाकडाचा ठोकळा अडकवा. पातं स्वतःच्या वजनानं फिरून बोटावर येतं, वीज नसतानाही. ठोकळा चाक फिरवायच्या वेळीच काढा आणि चाक पात्याच्या समोरच्या बाजूनं धरून फिरवा.

पट्टी खोलून चारी कडा बघा. कित्येक मशीनची पट्टी उलटसुलट बसते, म्हणजे एक कड गेली तरी दुसरी वापरता येते. सगळ्या गेल्या असतील तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपवाल्याकडून सरफेस ग्राइंडिंग करून कड सरळ करून घ्या. हातातल्या ग्राइंडरनं ती सरळ होत नाही, लाटा पडतात, आणि मग फट एका जागी बसली तर दुसऱ्या जागी सुटते. पट्टीखालची बैठकही खरवडून साफ करा. तिथं वाळलेला चोथा राहिला की पट्टी तिरकी बसते.

आता पाती. पात्याचे बोल्ट किंचित सैल करा. मागं पातं पुढं ढकलायचे स्क्रू असतात. पट्टी आणि पातं यांच्यामध्ये वहीचा एक कागद धरून स्क्रू पिळत जा. कागद ओढला तर अडखळत निघावा, फाटू नये. हे पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मधे, तिन्ही ठिकाणी बघायचं. नुसत्या एका टोकाला बघून बोल्ट आवळले की दुसऱ्या टोकाला हमखास फट राहते. बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळा आणि आवळल्यावर कागद पुन्हा घालून बघा, कारण आवळताना पातं हलतं. दुसरं पातंही असंच. शेवटी चाक हातानं दोन-चार वेळा पूर्ण फिरवा. कुठंही खरखर नको. पातं पट्टीला घासत असेल तर चालू केल्यावर ठिणग्या पडतील आणि नवी धार जागेवर जाईल.

खात्रीसाठी वर्तमानपत्राची हातभर लांब पट्टी रोलरच्या बाजूनं तोंडात सोडा, आपला हात लांब ठेवा, आणि दुसऱ्या माणसाला चाक हळू फिरवायला सांगा. कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ कापला गेला तर जुळणी झाली. जिथं तो दुमडून आत ओढला जातो, तिथं फट आहे.

एवढं करूनही आठवड्याभरात पुन्हा दशा दिसायला लागल्या, तर बेअरिंग बघायचं. चाकाची कड दोन्ही हातांनी धरून ते पट्टीकडं ढकला आणि मागं ओढा. टक् टक् हालचाल जाणवली तर शाफ्टला खेळ आला आहे. उभ्या मशीनवर तुम्ही कागदाची फट जुळवता, पण वैरणीचा दाब आला की चाक मागं सरकतं आणि फट कित्येक पट होते. अशा मशीनची फट जुळवत बसणं म्हणजे नुसते कष्ट. बेअरिंग किंवा बुश बदला, मग जुळवा. फाउंडेशनचे बोल्ट ढिले असतील, मशीन शेणाच्या ओल्या जमिनीवर नुसतीच ठेवलेली असेल, तर सांगाडा पिळवटतो आणि तोच त्रास होतो. सिमेंटचा ओटा करून बोल्ट पक्के करावेत.

धारेबद्दल दोनच गोष्टी. धार उताराच्याच बाजूनं लावायची. पट्टीकडची सपाट बाजू घासली की पातं पट्टीपासून सुटतं. त्या बाजूला फक्त आलेली बर (लोखंडाची बारीक कूस) दगडानं हलकेच उतरवायची. दुसरं, ग्राइंडरवर पातं तापून निळं पडलं तर त्या जागचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं असं समजा. ती धार दोन दिवस टिकत नाही. धार लावणाऱ्याला सांगा, थोडं घासा, पाण्यात बुडवा, मग पुढं. सगळी पाती एकाच वेळी धारेला द्या आणि वजनानं सारखी राहतील असं बघा, नाहीतर चाक थरथरतं आणि तो दणका परत बेअरिंगवरच जातो.

वाढ्याचा चिकटा

ही अडचण आपल्या भागात जास्त आहे. ज्वारीचा वाळला कडबा कापणाऱ्यांना ती फारशी माहीत नसते. वाढ्याच्या बुडाशी उसाचं एखादं कोवळं कांडं राहिलेलं असतं. रोलरखाली ते चिरडलं की गोड रस दात्यांत जातो, त्यावर माती आणि पाल्याची कूस बसते, आणि रात्रभरात त्याचा डिंक होतो. दाते भरले की रोलर गुळगुळीत होतात आणि वैरण पकडत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे वरचा रोलर ज्या खाचेत वर-खाली होतो ती खाच या चिकट्यानं जाम होते. स्प्रिंग ताणलेली दिसते, पण रोलर वरच अडकलेला असतो. मग पातळ पेंढी सरकते, आणि जाड पेंढी घातली की एकदम गच्च भरून तटते. लोक स्प्रिंगचा नट आवळत जातात, त्यानं काही होत नाही.

इलाज सोपा आहे. दोन-तीन दिवसांतून एकदा मशीन बंद करून, वीज काढून, कोमट पाणी आणि तारेचा ब्रश घेऊन दाते आणि खाच धुवा. मोटर आणि स्विचवर पाणी जाऊ देऊ नका. खाच वाळल्यावर वरचा रोलर पहारीच्या टोकानं उचलून सोडा, तो आपोआप खट्कन खाली आला पाहिजे. ग्रीस बेअरिंगला आणि गिअरला द्या, खाचेत भरपूर ग्रीस थापू नका, त्याला माती धरते.

रोलरला वेटोळं पडण्याचं आणखी एक कारण म्हणजे पेंढीचा आळा. वाढ्याला वाढ्याचाच पीळ देऊन बांधलेला असतो. तो पिळलेला आळा न सोडता पेंढी आत दिली की तोच पहिल्यांदा रोलरला गुंडाळतो. नायलॉनची सुतळी तर आत जाताच कामा नये. ट्रॉलीतून आलेल्या मोळीत तारेचे तुकडे आणि खडे असतात, म्हणून मोळी एकदा आपटून घ्या. बुडखा आधी, शेंडा नंतर. शेंड्याकडून घातलं तर लवलवीत पाला रोलरखालून वळतो. नुसतं भाताचं ओलं पिंजर किंवा पावसात भिजलेलं गवत कापायचं असेल तर त्यात हत्तीगवताच्या किंवा मक्याच्या काड्या मिसळा, ताठ काडीबरोबर मऊ वैरण पुढं जाते. आणि शेवटचा उरलेला घास हातानं कधीच ढकलू नका. पुढची पेंढी मागून द्यायची, ती आधीची पुढं नेते. सगळ्यात शेवटचं उरलं तर ते तसंच राहू दे, किंवा लाकडी काठीनं सरकवा. पदर खोचलेला, बांगड्या मागं सारलेल्या, गळ्यात शेला-टॉवेल नको, आणि लेकरू तर त्या शेडमध्येच नको.

कुट्टी साफ, तरी चाक थांबतं

इथं निम्म्या वेळा पट्टा असतो. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी धरतो, तळाला टेकून नाही. खाचेचा तळ घासून चकाकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली आहे, कितीही ताणला तरी तो घसरणार. ताण बघायला पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबा, अर्धा इंच दबला की पुरे. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला. राळ लावून काम भागवू नका.

उरलेल्या वेळा दोष विजेचा असतो, आणि तो मशीनमध्ये शोधून सापडत नाही. मोटरीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर ताकद नुसती २२ टक्के कमी होत नाही, ती साधारण ६१ टक्क्यांवर येते. संध्याकाळी सगळ्या गावात एकाच वेळी दिवे, मिक्सर आणि कुट्टी मशीन चालू असतात, त्या वेळी हेच होतं. सकाळी न तटणारी मशीन संध्याकाळीच तटत असेल तर पान्याला हात लावू नका, आधी मल्टिमीटर घ्या.

त्यात भर घालते ती घरापासून गोठ्यापर्यंतची बारीक वायर. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना साधारण ११ अँपिअर ओढते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. गोठा ४० मीटर लांब आहे आणि तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली आहे असं धरा. चालताना त्या वायरीतच दहा-साडेदहा व्होल्ट जातात, आणि सुरू होताना, ६० अँपिअर धरले तर, ५८ व्होल्ट. मोटर भुणभुणते, फिरत नाही, आणि लोक म्हणतात कॅपॅसिटर गेला. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घातली तर सुरुवातीची घट २२ व्होल्टवर येते. मीटर मोटरीच्या टर्मिनलवर लावून, सुरू होतानाचा आकडा वायरमनकडून बघून घ्या. घरातल्या बोर्डावरचा आकडा इथं उपयोगाचा नाही.

कॅपॅसिटर खरंच गेला आहे का हे बघायला पट्टा काढून मोटर मोकळी चालू करा. मोकळी असतानाही ती भुणभुणत उभी राहिली तर कॅपॅसिटर किंवा आतला स्विच. लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. मोकळी फिरते पण पट्टा लावल्यावर उचलत नाही, तर व्होल्टेज किंवा मशीनचं जडपण बघायचं. बदलताना जुन्यावर जेवढे मायक्रोफॅरड आणि जेवढे व्होल्ट छापलेत तेवढाच घ्या, आणि जुन्याच्या टोकांना बोट लावू नका, वीज काढल्यावरही त्यात ती साठलेली असते.

थ्री फेजवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. डीपीवर काही काम झालं, वायर बदलली की कधी कधी मोटर उलटी फिरायला लागते. मग रोलर वैरण बाहेर फेकतात आणि पातं पाठीनं आपटतं. कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या की दिशा सुधारते. चाकावर बाणाची खूण रंगवून ठेवा म्हणजे बटण दाबताक्षणी कळतं.

पुली बदलू नका

हे खास सांगतो, कारण कुट्टी बारीक व्हावी म्हणून पुली बदलून घेणारे बरेच भेटतात. १४४० फेऱ्यांच्या मोटरीला ३ इंची पुली आणि मशीनला १२ इंची असेल तर चाक मिनिटाला ३६० फेऱ्या फिरतं. मोटरीला ४ इंची बसवली की ४८० होतात. पण रोलर त्याच शाफ्टवरून गिअरनं फिरतात, तेही तेवढ्याच प्रमाणात वेगानं ओढतात. म्हणजे तुकड्याची लांबी तीच राहते, फक्त मोटरीवर बोजा तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो आणि मशीन जास्त तटते. लांबी ठरते ती गिअरवर आणि पात्यांच्या संख्येवर. बारीक हवी असेल तर गिअरची जोडी बदलायची किंवा मशीनला सोय असेल तर लिव्हरनं लांबी बदलायची.

तसं बघितलं तर फार बारीक कुट्टी नकोच. पाऊण-एक इंचाचा तुकडा म्हशीला रवंथ करायला लावतो. भुसा केला की ती नीट रवंथ करत नाही, लाळ कमी सुटते आणि फॅट उतरतो. ज्या भागात म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकी घन भागावर) ठरतो, तिथं हे थेट दुधाच्या बिलात दिसतं.

चाक फिरतंय पण रोलर उभे, असं झालं तर गिअरजवळची पिन तुटली आहे. ती तुटण्यासाठीच असते. तार किंवा खडा आत गेला की पिन जाते आणि बिडाचा गिअर वाचतो. तिच्या जागी जाड, कडक बोल्ट ठोकून ‘आता तुटणार नाही’ अशी सोय करून देणारे आहेत. पुढच्या खड्याला गिअरचे दात जातात, आणि दोन-चार रुपयांच्या पिनेऐवजी गिअरचा जोड घ्यावा लागतो. मूळ मापाच्या मऊ पिना चार-पाच घेऊन मशीनच्या सांगाड्यालाच डबीत बांधून ठेवा.